बी-वन झालं का?

स्टुटगार्ट, म्युनिक किंवा फ्रँकफुर्टमधल्या मराठी मंडळींच्या गणपतीला गेलात तर आरती आटोपून लोक प्रसाद घ्यायला बसल्यावर दोन प्रश्न हमखास कानावर येतात. एक, "पीआरला टाकलं का?" आणि दुसरा, "बी-वन झालं का?" पहिल्याचं उत्तर पुष्कळदा दुसऱ्यावर अडलेलं असतं.

पीआर म्हणजे जर्मनीत मुदतीविना राहण्याचा परवाना. जर्मनीत आज पावणेतीन लाखांहून अधिक भारतीय नागरिक राहतात आणि त्यांतल्या बहुतेकांच्या घरी या परवान्याचं गणित केव्हा ना केव्हा मांडलं जातं. जर्मनीने जून २०२४ मध्ये दुहेरी नागरिकत्वाला मोकळीक दिली आणि नागरिकत्वासाठी लागणारं वास्तव्य आठ वर्षांवरून पाचवर आणलं. पण भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. जर्मन पासपोर्ट हातात आला की भारतीय पासपोर्ट सोडावा लागतो. भारताचं नागरिक राहूनच तिथे बस्तान बसवायचं असेल तर पीआर हाच सरळ मार्ग उरतो.

हा परवाना सर्वसाधारणपणे कोणत्या अटींवर मिळतो ते जर्मन वास्तव्य कायद्याच्या नवव्या कलमात आहे: पाच वर्षांचं वैध वास्तव्य, साठ महिने पेन्शन फंडात भरणा, स्वतःच्या कमाईवर भागणारा संसार, कुटुंबाला पुरेल एवढं घर. या चार अटी कागदपत्रांनी सिद्ध होतात. उरलेल्या दोन मात्र माणसाला स्वतः बसून सिद्ध कराव्या लागतात. जर्मन भाषा बी-वन पातळीपर्यंत यायला हवी, आणि देशाची कायदेव्यवस्था व समाजव्यवस्था यांची मूलभूत माहिती हवी. हे प्रकरण या दोन अटींबद्दल आहे.

आज या अटी स्वाभाविक वाटतात. पण दुसऱ्या महायुद्धानंतर जवळपास पन्नास वर्षं जर्मनीने परदेशी माणसाला भाषेबद्दल फारसं काही विचारलं नव्हतं. १९५५ मध्ये इटलीशी, १९६१ मध्ये तुर्कस्तानशी कामगार आणण्याचे करार झाले. भरतीच्या वेळी माणसाची छाती, डोळे, अगदी दातसुद्धा तपासत. भाषेची चौकशी नव्हती. खाणीत, मोटारींच्या कारखान्यात, रस्त्यांच्या कामावर हात हवे होते आणि दोन-चार वर्षांनी ही माणसं परत जातील असं सगळेच धरून चालले होते. १९७३ मध्ये तेलसंकट आलं, भरती थांबली. तोवर सुमारे एक कोटी चाळीस लाख कामगार येऊन गेले होते आणि त्यांतले एक कोटी दहा लाख परतलेही होते. जे राहिले त्यांनी बायकामुलं आणली. मुलं जर्मन शाळेत जाऊ लागली, आयांना शिक्षकाशी बोलता येईना, वडिलांना सूचनापत्रं वाचता येईनात. पुढे याच कुटुंबांवर 'हे लोक इतकी वर्षं राहून भाषा शिकले नाहीत' असा ठपका ठेवला गेला. पुरेसे वर्ग कुणी काढले नव्हते, पाळीचे तास कुणी कमी केले नव्हते. त्या पिढीवर झालेला हा अन्याय होता असं मला ठामपणे वाटतं, आणि आजच्या नियमांची बरी बाजूही या चुकीच्या अनुभवातूनच आली आहे.

२००० साली चान्सेलर गेऱ्हार्ड श्र्योडर यांच्या सरकारने संगणक तज्ज्ञांसाठी जर्मन 'ग्रीन कार्ड' काढलं. वीस हजार जागा, मुक्काम जास्तीत जास्त पाच वर्षांचा. डोळ्यांसमोर मुख्यतः भारतीय होते. नॉर्थ राइन-वेस्टफालिया राज्याच्या निवडणुकीत युर्गेन र्‍युटगर्स या नेत्याने भारतीय नकोत, आपल्या मुलांना शिकवा, अशा अर्थाचा प्रचार केला. तो ती निवडणूक हरला, पण देशात वाद पेटला तो पेटलाच. परके लोक येतात आणि राहतात हे उघडपणे मान्य करायचं की नाही? रिटा झ्युसमुथ यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने २००१ मध्ये अहवाल दिला: मान्य करा, आणि आलेल्यांना भाषा शिकवण्याची जबाबदारीही उचला. त्यातून उभा राहिलेला कायदा १ जानेवारी २००५ पासून लागू झाला. सरकारने येणाऱ्याकडून भाषेची अपेक्षा धरली आणि त्याच कायद्याने शिकवणीचा वर्गही काढला.

या वर्गाचं नाव इंटेग्रात्सियोन्सकुर्स. न्यूरेनबर्गमधलं स्थलांतर आणि निर्वासितांचं संघीय कार्यालय, म्हणजे बाम्फ, त्याची आखणी करतं. पंचेचाळीस मिनिटांच्या सहाशे तासिका भाषेच्या आणि शंभर तासिका देशाच्या ओळखीच्या. सुरुवातीला हा ओळखीचा भाग फक्त तीस तासिकांचा होता. तो वाढत वाढत २०१६ मध्ये शंभरावर गेला. वर्ग पुष्कळदा फोल्क्सहोखशूलमध्ये, म्हणजे गावोगावच्या प्रौढ शिक्षण केंद्रांत भरतात. ज्यांना लिहिता-वाचता येत नाही त्यांच्यासाठी वेगळा, जास्त लांबीचा अभ्यासक्रम. ज्यांना स्वतःची लिपी उत्तम येते पण रोमन अक्षरं नवी आहेत त्यांच्यासाठी आणखी वेगळा. मुलांच्या आयांसाठी नऊशे तासिकांपर्यंत भाषा शिकवणारे वर्गही निघाले. गरिबांना फी माफ. इतरांना अलीकडच्या दराने तासिकेमागे २ युरो २९ सेंट, म्हणजे सगळे मिळून सोळाशे युरो. अट घालणाऱ्या सरकारने शिकवण्याचा खर्चही अंगावर घ्यायचा, हा कायद्याचा कणा आहे. बजेटात कपात आली की पहिली कात्री याच वर्गांना लागते, आणि तेव्हा अट तशीच राहून शिकवणी आखडते. माझा आक्षेप आहे तो याला. परीक्षा असण्याला माझा आक्षेप नाही.

आता बी-वन म्हणजे नेमकं काय येणं, ते पाहू. कौन्सिल ऑफ युरोप या संस्थेने २००१ मध्ये भाषा शिकणाऱ्यांसाठी सहा पायऱ्यांचा एक आराखडा प्रसिद्ध केला: ए-वन, ए-टू, बी-वन, बी-टू, सी-वन, सी-टू. शिक्षकांनी अभ्यासक्रम आखावा, विद्यार्थ्याने आपण कुठवर आलो ते ओळखावं, यासाठी तो होता. पुढे गृहखात्यांनी तो उचलला. बी-वन ही तिसरी पायरी. रोजच्या व्यवहारात स्वतःचं काम स्वतः निभावता येणं, अनुभव सांगता येणं, मत देऊन त्याचं थोडक्यात कारण देता येणं, एवढी ती अपेक्षा.

वर्गाच्या शेवटी होणाऱ्या परीक्षेचं नाव डॉइच-टेस्ट फ्यूर त्सुवांडरर. तिच्या तोंडी भागात दोन उमेदवार समोरासमोर बसतात, परीक्षकही दोन. वेळ साधारण सोळा मिनिटांचा. आधी ओळख: नाव, गाव, काम, घरची माणसं. मग प्रत्येकासमोर एक छायाचित्र येतं, समजा बाजारातलं किंवा बसथांब्यावरचं. त्यात काय दिसतं ते सांगायचं आणि मग तुमच्या देशात हे कसं असतं त्यावर बोलायचं. शेवटी दोघांनी मिळून काहीतरी ठरवायचं असतं, जसं शेजारी घर बदलतोय तर त्याला मदत कशी करायची. कोण गाडी आणेल, कोण खोकी, शनिवार बरा की रविवार. इथे पाठांतराचा उपयोग संपतो. कारण समोर पुण्याचा इंजिनिअर असेल तर त्याच्या पलीकडे सीरियातून आलेला बेकरीवाला असू शकतो. दोघांची जर्मन मोडकी, दोघांचे उच्चार वेगळे, आणि तरी शनिवारी दहाला भेटायचं हे ठरायला हवं. तिऱ्हाइताशी दुसऱ्याच्या भाषेत जमवून घेणं हे परदेशी जगण्यातलं सगळ्यात खरं कौशल्य, आणि परीक्षा नेमकं तेच तपासते, म्हणून ती मला मनापासून आवडते.

लेखी भागात अर्ध्या तासात एक पत्र लिहायचं असतं. हीटर बंद पडल्याचं घरमालकाला किंवा मुलाच्या आजारपणाचं शिक्षकांना, अशा धर्तीचं. सोबत चार मुद्दे दिलेले असतात, चारही यायला हवेत. गुण देण्याची पद्धतही अर्थपूर्ण आहे. बी-वनचा शेरा हवा असेल तर बोलण्यात बी-वन मिळालंच पाहिजे, आणि त्याखेरीज लेखन किंवा वाचन-श्रवण यांपैकी एकात. लिहिताना शब्दांची रूपं चुकणाऱ्या पण बोलून काम भागवणाऱ्या माणसाला ही पद्धत तारते.

गोएथे इन्स्टिट्यूटची बी-वन परीक्षाही चालते. आपल्याकडचे बहुतेक जण हीच देतात, पुण्यात बोट क्लब रस्त्यावरच्या किंवा मुंबईत काळा घोड्याजवळच्या मॅक्सम्युलर भवनात. वाचन, श्रवण, लेखन, संभाषण असे चार सुटे भाग, प्रत्येकात शंभरपैकी साठ हवेत. एखादा भाग राहिला तर तेवढाच पुन्हा देता येतो. पुण्यात जर्मनची परंपरा जुनी. अकरावी-बारावीला 'स्कोअरिंग' विषय म्हणून जर्मन घेतलेली, रानडे इन्स्टिट्यूटमध्ये पायऱ्या चढलेली मुलं तिथे पोचल्यावर त्या शिदोरीवर बरीच पुढे असतात. अर्थात बारावीला नव्वदच्या वर गुण मिळवणारी जर्मन वेगळी आणि सरकारी खिडकीपाशी बोलायची जर्मन वेगळी. स्टुटगार्टच्या श्वाबियन बोलीची तर सवयच करावी लागते.

दुसरी अट नागरिकशास्त्राची. तिची परीक्षा 'लेबेन इन डॉइचलांड', म्हणजे जर्मनीतलं जगणं. एका तासात तेहतीस प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय. तीस प्रश्न देशाचे, तीन तुम्ही राहता त्या राज्याचे. पंधरा बरोबर आले की पीआरपुरतं काम झालं, नागरिकत्वासाठी सतरा लागतात. प्रश्नसंच गुपित नाही. देशाचे तीनशे आणि प्रत्येक राज्याचे दहा असे सगळे प्रश्न बाम्फच्या संकेतस्थळावर आहेत आणि घरबसल्या सराव करता येतो. ब्रिटनमध्ये अशाच परीक्षेला चोवीस प्रश्न असतात, अठरा बरोबर लागतात, पुस्तक मिळतं पण प्रश्न मिळत नाहीत. मला जर्मन पद्धत जास्त सरळ वाटते.

ही पद्धत मात्र सहजी आलेली नाही. जानेवारी २००६ मध्ये बाडेन-व्यूर्टेंबर्ग राज्याने नागरिकत्व मागणाऱ्यांना विचारण्यासाठी तीस प्रश्नांची एक मार्गदर्शिका अंमलात आणली. मुलाने आपण समलिंगी असल्याचं सांगितलं तर काय कराल, बायकोने नवऱ्याचं ऐकलंच पाहिजे का, असे प्रश्न त्यात होते. रोख मुस्लिम अर्जदारांवर होता, आणि तो इतका उघड होता की वर्तमानपत्रांनी तिला 'मुस्लिम चाचणी' म्हटलं. माणसाच्या मनात शिरून झडती घेण्याचा तो प्रकार होता. त्याच वर्षी हेसन राज्याने शंभर प्रश्नांचा प्रस्ताव आणला. कासेलमध्ये भरणाऱ्या डॉक्युमेंटा या कलाप्रदर्शनापासून कास्पार डेव्हिड फ्रीडरिखच्या चित्रातल्या खडूच्या कड्यांपर्यंत सगळं त्यात होतं. तिथे जन्मलेल्या अनेकांनाही ते आलं नसतं. या दोन टोकांवर टीकेची झोड उठल्यावर संपूर्ण देशासाठी एकच परीक्षा करायचं ठरलं. बर्लिनच्या हुम्बोल्ट विद्यापीठातल्या संस्थेने प्रश्न तयार केले आणि १ सप्टेंबर २००८ पासून ती नागरिकत्वासाठी सुरू झाली. बाडेन-व्यूर्टेंबर्गची ती मार्गदर्शिका २०११ मध्ये सत्ताबदलानंतर रद्द झाली.

आजच्या संचातले काही प्रश्न पाहण्यासारखे आहेत. दोन मित्र सार्वजनिक जलतरण तलावावर जातात, त्वचेचा रंग काळा म्हणून त्यांना आत सोडत नाहीत, तर त्यांचा कोणता हक्क मोडला? उत्तर: समान वागणुकीचा. लहान मूल असल्याच्या एकाच कारणावरून एखाद्या बाईला नोकरी नाकारली, तर तो भेदभाव ठरतो का? जर्मन ही मातृभाषा नसलेल्या तरुणीला गाडीच्या परवान्याची लेखी परीक्षा दुसऱ्या भाषेत देता येते का? कुत्रा पाळला तर नोंद कुठे करायची? राज्याच्या मंत्रिमंडळात कोणता मंत्री नसतो? (परराष्ट्रमंत्री, संघराज्याची कल्पना असलेल्या आपल्या माणसाला हे चटकन कळतं.) बाकी मोठा भाग इतिहासाचा: नाझी राजवट, ९ नोव्हेंबर १९३८ ची ज्यूंविरुद्धची हिंसा, भिंतीपलीकडचं पूर्व जर्मनीचं राज्य आणि तिथलं श्टाझी हे गुप्तहेर खातं, १९७० मध्ये वॉर्सात चान्सेलर विली ब्रांट यांनी गुडघे टेकले तो प्रसंग. २०२४ मध्ये ज्यू जीवन, इस्रायल आणि ज्यूद्वेष यांवरचे प्रश्न नव्याने घातले.

स्वतःच्या देशाचा सगळ्यात काळा कालखंड येणाऱ्या प्रत्येकाला शिकायला लावणारं हे सरकार मला आदरणीय वाटतं. पण त्याहून मोलाचे मला ते तलावाचे आणि नोकरीचे प्रश्न वाटतात. हा अभ्यास करणाऱ्या माणसाला आपल्याला काय काय मागता येतं ते समजतं. घरमालक, मालक, पोलीस यांच्यापुढे त्याचा उपयोग दुसऱ्याच आठवड्यात होऊ शकतो. पाठ करून पास होता येतं हे खरं आहे, आणि अनेक जण मोबाइलवरच्या ॲपवर तसं करतातही. तरी तीनशे दहा प्रश्न तीन-चारदा वाचणाऱ्याच्या डोक्यात निदान वीसेक हक्क तरी शिल्लक राहतातच.

गाडी अडते ती भाषेच्या अटीच्या वाटपात. युरोपच्या ब्लू कार्डवर आलेल्या, चांगल्या पगाराच्या इंजिनिअरला नोव्हेंबर २०२३ पासून केवळ सत्तावीस महिन्यांत पीआर मिळू शकतो, आणि त्याला भाषा ए-वन पुरते. बी-वन असेल तर मुदत एकवीस महिन्यांवर येते. बाकीच्या कुशल कामगारांना तीन वर्षं आणि बी-वन. परिचारिकेला तर कामाची मान्यता मिळण्यासाठीच बहुतेक राज्यांत बी-टू लागतं. रुग्णाचं दुखणं समजायला हवं म्हणून ते योग्यच आहे. पण एकूण चित्र असं होतं की ज्याचा पगार मोठा त्याला भाषा कमी, आणि ज्याचा लहान त्याला जास्त. सरकारला भाषा खरोखर समाजात मिसळण्यासाठी हवी असेल तर हा क्रम उलटा लागला आहे. इंग्रजीत काम करणारा आपला इंजिनिअर सत्तावीस महिन्यांनी कायमचा रहिवासी होतो, आणि मुलाच्या शाळेतून आलेली चिठ्ठी मात्र फोनच्या कॅमेऱ्यासमोर धरून वाचतो.

याची झळ सगळ्यात जास्त त्याच्या बायकोला बसते. २००७ पासून जर्मनीत जोडीदाराकडे येणाऱ्यांना निघण्याआधीच ए-वन दाखवावं लागतं. ब्लू कार्डवाल्यांच्या जोडीदारांना ही अट माफ आहे. सवलत म्हणून दिलेली ही माफी तिच्या वाट्याला अडचण होऊन येते. नाशिकची शिक्षिका किंवा कोल्हापूरची फार्मासिस्ट लग्न करून किंवा नवऱ्यापाठोपाठ तिथे पोचते. काम करण्याची परवानगी पहिल्या दिवसापासून हातात असते, भाषा मात्र शून्यावर. फार्मासिस्टला परवान्यासाठी सी-वनच्या तोडीची व्यावसायिक भाषा लागते. शिक्षिकेला तर भाषेशिवाय शाळेचं दारच नाही. दोन वर्षं घर, मूल, वाण-सामान यांत जातात, नवऱ्याला पीआर मिळतो आणि तिच्या हातात मुदतीचा परवाना उरतो. कुशल कामगाराला पीआर मिळालेला असेल तर त्याच्या जोडीदाराला तीन वर्षांच्या वास्तव्यानंतर पीआर मागता येतो अशी तरतूद आता आहे. पण तिला आठवड्याला निदान वीस तासांची नोकरी हवी आणि बी-वन हवंच. म्हणून अशा घरांना माझं कळकळीचं सांगणं आहे: माफी असली तरी ए-वन पुण्या-मुंबईतच करून निघा, आणि तिथे पोचल्यावर पहिल्याच महिन्यात परदेशी नागरिक कार्यालयात इंटेग्रात्सियोन्सकुर्सचं पात्रतापत्र मागा. पात्रतेला मुदत असते, आणि पाळणाघराची रांग शहरागणिक लांबच असते.

महाराष्ट्राला हा विषय आता केवळ इंजिनिअरांपुरता राहिलेला नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या ज्या राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, ते बाडेन-व्यूर्टेंबर्गच. परिचारिका, इलेक्ट्रिशियन, वाहनचालक, हॉटेल कर्मचारी अशा कामांसाठी पहिल्या टप्प्यात दहा हजार तरुण पाठवायचे आणि त्यांना जर्मन शिकवायचं असं ठरलं. यांतली बरीच मुलं आयटीआयमधून येणार. त्यांना ब्लू कार्डची सवलत नाही, आणि कायम राहायचं तर बी-वनही चुकत नाही.

त्यांच्यासाठीचा हिशेब साधा आहे. गोएथे इन्स्टिट्यूटच्या अंदाजाने शून्यापासून बी-वन गाठायला साडेतीनशे ते साडेसहाशे तासिका लागतात. सहाशे धरा. रोज चार तासिका, आठवड्याला पाच दिवस, म्हणजे तीस आठवडे. इंग्रजीचीच धास्ती असलेल्या, मराठी माध्यमात दहावी झालेल्या मुलाला आणखी थोडे. या सात-आठ महिन्यांत त्याने जिल्ह्याच्या ठिकाणी राहायचं कुठे, जेवायचं काय, आणि घरी जो पगार जायचा तो कोण भरून काढणार, हे करारातच पैशांसकट लिहिलेलं असायला हवं. कर्ज काढून एजंटाच्या क्लासला दोन महिने बसलेला मुलगा ए-वनचा कागद घेऊन विमानात बसेल, कामालाही लागेल, पण तीन वर्षांनी पाळी संपवून दमलेल्या अंगाने संध्याकाळच्या वर्गात बसून त्याला उरलेलं सगळं स्वतःच्या पैशांनी शिकावं लागेल. १९६१ साली इस्तंबूलहून निघालेल्या कामगारांनाही भाषेच्या बाबतीत असंच वाऱ्यावर सोडलं होतं.